बाबा, घाट चढण्याआधी टायर बदला

माँट्रियल,
एप्रिल अखेर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "वर्षातून दोनदा टायर काढायचे नि घालायचे, तुमच्याकडे पैसे काय झाडाला लागतात?" मी काही बोलणार तोच आईने फोन घेतला आणि विषय काजूच्या बोंडांवर गेला. तसंही फोनवर बाबांशी वाद घालून मी कधी जिंकलेले नाही, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आईने मोठ्याने वाचावं आणि बाबांनी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच अट.

आधी दोनदा टायर बदलण्याचं. ही हौस नाही, इथला कायदा आहे. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर असलेच पाहिजेत, नसले तर दंड. पूर्वी मुदत १५ डिसेंबरपासून धरायचे, २०१९ पासून ती दोन आठवडे अलीकडे आणली. गंमत म्हणजे शेजारच्या ऑन्टारियो प्रांतात अशी सक्ती नाही. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चित्र कोरलेलं असतं, ते पाहून घ्यायचं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. ती अक्षरं कंपनी नक्षीचा नमुना बघून आपली आपण छापते. डोंगराचं चित्र मिळवायला टायरला बर्फावर परीक्षा द्यावी लागते.

बाबांना वाटतं की सगळी करामत नक्षीची. नक्षीचा वाटा आहेच, पण खरा खेळ रबराचा आहे. बेळगावला आत्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली सकाळी उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसं साध्या टायरचं थंडीत होतं. पारा सात अंशांच्या खाली गेला की त्याचं रबर हळूहळू ताठर होत जातं, आणि ताठर रबर रस्त्याला धरत नाही, त्यावरून नुसतं घसरतं. इथे जानेवारीत उणे वीस अंश ही काही बातमी नसते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका जास्त असते, त्यामुळे ते एवढ्या थंडीतही मऊ राहतं. म्हणून रस्त्यावर बर्फाचा कणही नसला, नुसता गार कोरडा डांबरी रस्ता असला, तरी हेच टायर लागतात. लोक यांना बर्फाचे टायर म्हणतात, पण खरं तर ते थंडीचे टायर आहेत.

गॅरेजात नंबर लागेपर्यंत बसून राहावं लागतं, तेव्हा मी एक टायर निरखून पाहिला होता. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. अंगठ्याने ठोकळा रेटला की चीर उघडते, सोडला की मिटते. गाडी ब्रेक लावते तेव्हा अशा शेकडो चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला पकडतात. मधल्या रुंद खोबणीत बर्फ गच्च भरतो, तोही उपयोगीच पडतो, कारण बर्फ बर्फाला धरून राहतो. आपल्याकडे गोव्यात सत्तरी तालुक्याच्या चिखलात नक्षी भरली की गाडी जागच्या जागी फिरते; इथे नक्षी भरली की चालकाला बरं वाटतं. बर्फाळ मोसमाला नक्षी चार मिलिमीटरच्या वर असलेली बरी, हे इथे गॅरेजवाले सांगतात. कायद्याला मात्र १.६ पुरते.

टायर बदलायचे ते चारही. गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून पुढे दोनच नवे घातले की काम भागलं, असा हिशेब इथेही काही जण करतात. मग वळणावर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात, आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. दुसरा गैरसमज फोर व्हील ड्राइव्हचा. त्याने गाडी जागची हलते छान, पण थांबण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. पहिल्या बर्फाला रस्त्याकडेच्या खड्ड्यात मोठमोठ्या गाड्याच जास्त दिसतात, निदान मला तरी.

आईला काळजी वाटते ती मी बर्फात ब्रेक कसा लावते याची. आई, इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी मला बाजारपेठेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं होतं. ताजा बर्फ पडलेला, समोर ना माणूस ना खांब. म्हणाले, "आता जोरात ब्रेक मार." मारला. पायाखाली पेडल थरथर कापायला लागलं, करकर आवाज आला आणि गाडी सरळच पण पुष्कळ पुढे जाऊन थांबली. ते थरथरणं म्हणजे एबीएस, तो चाकं अडकू देत नाही. घाबरून पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा. मग त्यांनी हेच पुन्हा पुन्हा करून घेतलं, थोडं वळून, थोडं उतारावर, मी कंटाळेपर्यंत. शिकवणीची फी म्हणून त्यांनी तुझ्या हातचे बेसनाचे लाडू घेतले. तेव्हापासून हिवाळ्यात पुढच्या गाडीपासून मी एवढं अंतर ठेवते की मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

पुलांवर मात्र मीही जीव मुठीत धरून जाते. माँट्रियल हे बेट आहे, बाहेर पडायचं तर बहुतेकदा पूल ओलांडावाच लागतो. जमिनीवरच्या रस्त्याला खालून थोडी ऊब असते, पुलाला वरून खालून दोन्हीकडून गार वारा, त्यामुळे त्याच्यावरचं पाणी आधी गोठतं. तो बर्फ पांढरा नसतो, काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालचं काळं डांबर दिसत राहतं. रस्ता नुसता ओला वाटतो. त्याच्यावर कुठलाच टायर भरवशाचा नाही, तिथे वेग कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात.

खर्चाचं सांगते, कारण बाबा डॉलरला साठाने गुणून मोकळे झाले असतील. एक संच अर्धं वर्ष चालतो तेव्हा दुसरा कपाटात असतो, म्हणजे दोन्ही जास्त वर्षं टिकतात. हिवाळी संच मी लोखंडी रिमवर कायमचा बसवून घेतला आहे, त्यामुळे दर वेळी टायर रिमवरून उतरवायची मजुरी लागत नाही, नुसती चाकं बदलायची. आणि हो, १५ मार्चला कायद्याची मुदत संपली तरी मी घाई करत नाही. एप्रिलातही इथे बर्फ पडतो. कालच काढून घेतले. उन्हाळ्यात तेच ठेवले तर मऊ रबर भराभर झिजतं आणि तापल्या रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागतो. त्यामुळे बाबा, "मग मलाच तुझे जुने पाठव" हा विनोद आपल्या साखळी गावच्या उन्हात चालायचा नाही.

आता माझी पाळी.

मागच्या आठवड्यात मी आईला गाडीच्या टायरांचे फोटो पाठवायला सांगितले होते. एकात तिचं बोट आलं, एकात मांजर, पण एक मात्र लख्ख आला आहे. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर १८१५ आहे. म्हणजे २०१५ सालचा अठरावा आठवडा. बाबा, तो टायर त्या वर्षीच्या एप्रिलच्या अखेरीस नाहीतर मेच्या सुरुवातीला कारखान्यातून निघाला आहे, दहा वर्षं कधीच उलटली.

तुम्ही म्हणाल, गाडी चालते किती? देवळात, बाजारात, कधीमधी म्हापशाला. नक्षी नव्यासारखी आहे. आहे, मलाही फोटोत दिसते. पण त्याच फोटोत नक्षीच्या खाली, टायरच्या गालावर, केसासारख्या भेगा दिसतात, आणि एके ठिकाणी त्या एकमेकींना मिळालेल्या आहेत. ती गाडी वर्षानुवर्षं अंगणात पश्चिमेच्या उन्हात उभी असते. ऊन आणि हवा रबरातला मऊपणा खातात, गाडी पळो की न पळो. उलट कमी पळणाऱ्या गाडीचाच टायर असा फसवतो, कारण झिजून गोटा झालेला टायर निदान डोळ्यांना दिसतो. बऱ्याच टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला.

म्हणजे माझ्याकडे थंडीने जे होतं तेच तुमच्याकडे उन्हाने आणि वयाने झालं आहे. फरक एवढाच, की इथलं ताठरलेलं रबर उन्हाळ्यात पुन्हा मऊ होतं. तुमचं होणार नाही.

आणि तुम्ही जुलैत बेळगावला जायचं ठरवलं आहे. केरीपर्यंत ठीक. अंजुणे धरण मागे पडलं की चोर्ला घाट सुरू होतो, आणि जुलैत तिथे काय असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही: धुकं, डोंगरावरून रस्त्यावर वाहणारं पाणी, खड्डा आहे की डबकं ते न कळणं, कडेचं शेवाळ, आणि समोरून मधल्या पट्ट्यावरून येणारा ट्रक. तिथे वेग तीस-चाळीसचाच असतो, त्यामुळे पाण्यावर तरंगण्याची भीती कमी. पण ओल्या वळणावर अचानक ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा ताठर रबर काय करतं ते मी वर लिहिलं आहे. तरंगण्याची भीती खरी आहे ती पत्रादेवीकडून पणजीला येणाऱ्या मोठ्या हायवेवर. तिथे पावसातही लोक ऐंशीने जातात. टायरने रोज बाहेर फेकायचं ते पाणी नक्षीतून मावेनासं झालं की चाक पाण्याच्या थरावर चढतं, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा. दादालाही हे सांगा, तो तर त्याच रस्त्याने रोज जातो.

जून उजाडण्याआधी चारही बदला. दोनच घ्यायचा बेत असेल तर तो मी तुम्ही सांगण्याआधीच ओळखला आहे. अगदीच दोन घेतलेत तर नवे मागे घालायचे, पुढे नाही. दुकानातला पोरगा सवयीने पुढे घालायला जाईल, त्याला अडवा. कारण मी वर सांगितलेली गिरकी पावसातही तशीच बसते. घेताना ते चार आकडे बघा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला माल 'नवा' म्हणून गळ्यात मारतात, तो नको. रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवलेला, तो तर फुकट दिला तरी नको. साइझ आत्ता आहे तीच. जाड टायरने गाडी दणकट दिसते, पण बाबा, तुम्हाला काय रॅलीत उतरायचं आहे? बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.

हवेचंही सांगून टाकते. रस्ते खराब म्हणून तुम्ही चार पॉइंट जास्त हवा भरता. जास्त हवेने टायर मध्यावर फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर आकडा छापलेला असतो तोच भरा, तोही सकाळी, गाडी गार असताना. माझ्याकडे हे प्रकरण उलटं आहे: गॅरेजात पंधरा अंशांना ३३ पॉइंट भरलेली हवा बाहेर उणे पंधराला २८ दाखवते, म्हणून हिवाळ्यात सारखी बघावी लागते. पेट्रोल पंपावर नायट्रोजन घ्या म्हणून मागे लागतात त्यांना हसून नाही म्हणा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तोही फुकट.

टायरचे पैसे दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. बाबा ते परत पाठवतील हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तुमच्या खात्यावर पाठवले नाहीत. तो शनिवारी येऊन गाडी घेऊन जाईल, संध्याकाळी परत आणून देईल. किल्ली द्यायला खळखळ करू नका. नव्या टायरांचे फोटो आईने काढावेत, आकड्यांसकट. मांजर आलं तरी चालेल.

आई, सोलं पोचली. मुरंब्याची बाटली मात्र फुटली होती, पुढच्या वेळी नको पाठवूस. आत्याला सांगा की यंदा चवथीला यायचं जवळजवळ नक्की आहे, तिकिटाचं बघते आहे.

तुमची,
बाय

ता. क. दादाला स्टेपनीवरचे आकडेही बघायला सांगा. ती डिकीत गेली तेव्हापासून बाहेर आल्याचं मला तरी आठवत नाही.