काकूंच्या अचानक वाढलेल्या भ्रमाविषयी मित्रास पत्र

लातूर, दि. १४ मे

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नातवंडांची नावे विसरल्या तरी ‘जेवलास का रे’ म्हणून विचारणाऱ्या काकू दोन दिवसांत घरच्यांनाच चोर म्हणू लागल्या, रात्रभर बरळतात आणि दिवसा हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, असे तू लिहिलेस. ‘विसरण्याचा आजार वाढला, आता असेच चालायचे’ हे ज्याने कोणी तुला सांगितले, त्याचे बोलणे कृपा करून मनावर घेऊ नकोस. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो. काही तासांत किंवा दिवसांत माणूस पालटला, सकाळी जरा बरा आणि दिवस मावळला की भलताच, आणि बोलताना त्याचे लक्ष ठरेनासे झाले, तर तो बहुधा डेलिरियम असतो, आणि त्याच्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेले असते. स्मृतिभ्रंशाने आधीच थकलेला मेंदू साध्या संसर्गानेही कोलमडतो.

माझी पहिली शंका उन्हाळ्यावर आहे. रात्री परसात जावे लागू नये म्हणून आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या दिवेलागणीनंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यात रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर रक्तातले सोडियम उतरू शकते. लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनिया असला तरी या वयात ताप येईलच असे नाही. पोट साफ नसणे, लघवी तुंबणे, पडल्यामुळे खुब्याला झालेली आणि सांगता न येणारी इजा, साखर उतरणे, हीदेखील कारणे असतात. गोळ्यांकडे तर विशेष लक्ष दे. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्या वृद्धांचा मेंदू गोंधळवतात; मात्र रोजची झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नकोस.

काकू दिवसा गप्प पडून असतात, याची मला जास्त काळजी वाटते. मध्यंतरी आमच्या वॉर्डात एक आजी वाकळेचे दोरे चिमटीत धरून एकेक ओढत निमूट पडलेल्या होत्या. आजी आता त्रास देत नाहीत म्हणून घरचे निश्चिंत होते. छातीच्या एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात, गप्प पडलेला मात्र मागे राहतो.

मामींना अंगारा लावायचा असेल तर लावू देत, पण काकूंना आजच दवाखान्यात ने आणि सोडियम, साखर, किडनी, रक्त, लघवी, ऑक्सिजन एवढे तपासून घे. गुंगीत असताना तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. कारणावर उपचार हाच खरा उपचार. त्याच्या जोडीला चष्मा आणि कानाचे यंत्र लावा, दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, रात्री दिवा मंद असू द्या, आणि उशाशी ओळखीचे एकच माणूस बसवा. ‘चोर आले’ म्हणाल्या तर वाद न घालता हात हातात घ्या. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ८५२ वृद्ध रुग्णांच्या अभ्यासात अशीच काळजी घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला. औषधाविना साधलेला एवढा फरक मला फार मोलाचा वाटतो.

हातपाय बांधू देऊ नकोस. त्याने भीती आणि धडपड दोन्ही वाढतात. शांत करणारे इंजेक्शन फक्त जिवाला धोका असेल तरच, तेही अगदी थोड्या मात्रेत. आणि हात थरथरणे, चालताना अडखळणे किंवा नसलेली माणसे दिसणे हे पूर्वीपासून असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांग, कारण पार्किन्सन (कंपवात) आणि लेवी बॉडी या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल हे शांत करणारे औषध घातक ठरू शकते.

कारण सापडले तरी काकू दुसऱ्याच दिवशी पहिल्यासारख्या होतील असे धरून चालू नकोस. काही आठवडे लागतात, आणि कधी कधी थोडी उतरण कायमची राहते. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मला आजच पाठव, आणि सोडियमचा रिपोर्ट आला की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझा,
विनायक