सिस्टर, तुमच्या दोनशेपानी वहीसाठी

सिस्टर, सादर नमस्कार.

रोज राउंडला आपली भेट होते, तरी हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. ज्या लेखात माझं नाव जगासमोर छापून आलं, त्याचे आभार वॉर्डच्या कोपऱ्यात उरकणं मला बरोबर वाटेना.

काही वर्षांपूर्वी मी आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनांवरचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला होता, आठवतंय? तो परत आला. परीक्षकाने विचारलं होतं, वर्षभरानंतर यातले किती पेशंट तुम्ही पाहिले? माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो परत आला नाही तो बरा झाला, असं आपण सगळेच धरून चालतो. पण न येण्याला एसटीचं भाडं असतं, बुडणारी मजुरी असते, कधी आमच्यावरचा उडालेला विश्वासही असतो.

दोंडाईचा आपल्यापासून असं कितीसं लांब? तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाच्या ऑपरेशनात कमकुवत जागेला आधार देणारी जाळी म्हणून वापरलं आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत त्यावर लिहिलं. पुढे स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी मिळून युगांडातल्या ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची महागडी. वर्षभराने पाहिलं तर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया पुन्हा झाला होता, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने ते छापलं. कल्पना स्वस्त होती, पण ती जगाच्या गळी उतरली ती वर्षभराने त्या माणसांना पुन्हा गाठल्यामुळे. आपलं घोडं तिथेच तर अडलं होतं.

म्हणून, ज्याच्या लेखात पुढे माझं नाव छापून आलं त्या अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात आपण नाव नोंदवलं, तेव्हा मला धास्ती होती ती शेवटच्या रकान्याची: ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी जखम कशी आहे? तुम्ही काही न बोलता एक दोनशेपानी वही आणलीत आणि लाल पेनने रकाने आखलेत. नाव, गाव, फोन, आणि माझ्या कधी डोक्यातही आलं नसतं असा चौथा: फोन कुणाचा? मुलाचा, शेजाऱ्याचा, किराणा दुकानदाराचा.

तळोद्याकडचा तो ऊसतोडीचा पेशंट मी विसरणार नाही. टाके काढले आणि टोळीबरोबर गुजरातेत बारडोलीकडे निघून गेला. त्याच्या नावापुढे तुम्ही मुकादमाचा नंबर लिहिला होता. दिवसा टोळी फडात असते, म्हणून ड्युटी संपल्यावर रात्री आठ वाजता तुम्ही फोन लावलात. फॉर्मवरचं इंग्रजी वाक्य मला मराठीत नीट सांगता येत नव्हतं, तुम्ही सरळ विचारलंत, "भाऊ, टाका दुखस का? पानी येस का?" पाणी येत होतं. त्याला तिथल्याच डॉक्टरकडे धाडलंत, आणि तीन दिवसांनी पुन्हा फोन केलात. तो फोन अभ्यासात कुणी मागितलेला नव्हता. तुम्ही नसता तर मी त्या ओळीत 'माहिती नाही' लिहून मोकळा झालो असतो.

पोट शिवायला घेण्याआधी मी नवे ग्लोव्हज मागतो आणि तुम्ही वेगळी ठेवलेली हत्यारं पुढे करता, ते २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीमुळे. भारत, घाना, बेनिन, नायजेरिया, रवांडा, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको अशा सात देशांतले १३,३०१ पेशंट. एवढ्याशा बदलाने जखमेत पू होण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ वर आलं. हा फरक कळला तोही तिसाव्या दिवशीच्याच प्रश्नावरून. त्या सातही देशांत तुमच्यासारखं कुणीतरी फोन धरून बसलेलं असणार, असं मला आता ते आकडे वाचताना वाटतं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून चुकली. अशा लेखांत मुख्य लेखकांखेरीज प्रत्येक रुग्णालयातल्या सहभागींची यादी शेवटी छापतात. आपल्याकडची नावं मागवली तेव्हा मी फक्त डॉक्टरांची कळवली. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. लेख छापून आल्यावर तुम्ही माझं नाव शोधून दाखवलंत, वॉर्डात पेढे वाटलेत, आणि तेव्हा मला त्या यादीतली मोकळी जागा दिसली. सिस्टर, मनापासून माफी मागतो.

पुढच्या अभ्यासाचा फॉर्म कालच आलाय. सहभागींमध्ये तुमचं नाव पहिलं घालतोय. ते कायमचं छापलं जाणार, म्हणून इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं ते कागदावर लिहून द्या: नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर आहे तसं, माहेरचं, की सासरचं. शुक्रवारपर्यंत द्याल?

तुमचा कृतज्ञ,
डॉक्टर