हॅना म्हणजे कोण?

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

शेजारच्या बाळाचं नाव हॅना ठेवलंय म्हटल्यावर तू फोनवर विचारलंस, 'हे कसलं गं नाव?' तेव्हा घाईत होते, म्हणून आता निवांत लिहिते.

नाव हिब्रू आहे, अर्थ कृपा. मूळ उच्चारात पहिलं अक्षर घशातून खरवडून काढतात, त्यामुळे आपल्या कानाला ते चक्क 'खन्ना' वाटतं! इकडे मात्र साधं हॅना. जॉन हे नावही त्याच धातूचं, म्हणजे दोघं सख्खी भावंडंच.

मूळची हॅना बायबलच्या जुन्या करारातली. तिला मूल नव्हतं आणि सवत येताजाता टोमणे मारायची. शिलो इथल्या देवळात ती रडत, नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती, तर एली नावाच्या पुजाऱ्याला वाटलं, बाई पिऊन आलीय. तिने शांतपणे त्याला सांगितलं, की मी प्यायलेले नाही, मन मोकळं करतेय. मला ती तिथेच आवडली. पुढे तिला मुलगा झाला, शमुवेल, आणि नवस केल्याप्रमाणे तिने तो देवळाला दिला. पण दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून घेऊन जायची. पोर वाढत असणार, म्हणजे दर खेपेला नवं माप. दौलत-बिवलत सोडून हा एवढासा तपशील लिहून ठेवणारा कोण असेल, असं वाटत राहतं.

ग्रीकमध्ये जाताना 'ह' गळाला आणि ॲना झाली (आपल्या अण्णांशी काही संबंध नाही हं!), मग ॲन. येशूची आई मरिया, तिच्या आईचं नाव परंपरेने तेच मानतात, म्हणून मध्ययुगीन युरोपात ॲनाच जास्त. खुद्द हॅना पुढे आली ती प्रॉटेस्टंट लोक जुना करार घरोघरी वाचू लागल्यावर. प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडमधल्या कडक प्रॉटेस्टंटांनी, ती अमेरिकेत आणली. विसाव्या शतकात मात्र जुनाट म्हणून मागे पडली होती. मग पुन्हा अशी उसळली, की १९९८ ते २००० अशी तिन्ही वर्षं सोशल सिक्युरिटीच्या (इथल्या सरकारी खात्याच्या) बाळांच्या नावांच्या यादीत एमिलीखालोखाल दुसरी! त्या पिढीतल्या हॅना आता नोकऱ्या करतायत. हल्ली नाव जरा खाली उतरलंय, पण बाळाच्या आईला त्याचं काही नाही. तिला इंग्रजीत (Hannah) उलटसुलट सारखंच वाचता येणारं नाव हवं होतं, बस.

तुला जीभ वळवायला जड गेलं तर नॅन्सी म्हण. तेही ॲनचंच लाडाचं रूप.

तुझी,
मीनू