हे पनीर कुणी बनवले, एवढेच विचारले होते

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीला पनीर खाऊन उलट्या सुरू झाल्या, सलाईन लावावे लागले. पनीर घराजवळच्या डेअरीतून सुटे आणले होते. तक्रार करायला गेले तर पहिला प्रश्न, "पाकीट कुठाय? बॅच नंबर सांगा." सुट्या पनीरला कुठला आलाय बॅच नंबर? दुकानदार म्हणाला, "ताई, पहाटे गाडी येते, पोरगा टाकून जातो." कारखाना कुठला, त्यालाही ठाऊक नाही. बिल नाही. तक्रार तिथेच संपली. सुई टोचताना लेकीचा हात मी धरून होते, आणि हे कुणामुळे झाले ते मला कधीच कळणार नाही.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत बनावट पनीर दाखवले गेले. कारवाईची आश्वासने आम्ही ऐकली. त्यांचे काय झाले?

२०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित फक्त १२ निघाले, हे आम्हाला ऐकवले जाते. त्याच अहवालात ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचे विष, होते आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश, ते का नाही सांगत? हे कुणी बादलीत मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड गाईच्या पोटात जाते आणि विष दुधात उतरते. कासदाहाचे (गाईची कास सुजण्याच्या आजाराचे) इंजेक्शन दिल्यावर सांगितलेले दिवस न थांबता दूध केंद्रावर घातले की औषध आमच्या पेल्यात. दूध कुठल्या गावचे हे कळल्याशिवाय ती पेंड कोण थांबवणार?

टँकरमध्ये शेकडो गोठ्यांचे दूध एकत्र होते, हे मला कळते. मी गाईचे नाव मागत नाही. संकलन केंद्रे, टँकर, प्लांट, एवढे सांगा. नोंदी नाहीत असे तर म्हणूच नका. केंद्रावर प्रत्येक शेतकऱ्याचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लिहिले जाते, कारण त्यावर त्याचा दर कापायचा असतो. २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपये अनुदान देताना तुमच्याच सरकारने गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. नाशिकची द्राक्षे युरोपात गेली तर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या 'ग्रेपनेट' या ऑनलाइन नोंदींवरून पार बागेपर्यंत माग काढता येतो. परदेशी ग्राहकाला जे मिळते ते आमच्या लेकरांना का नाही?

लोकांना याची किंमत नाही असे कुणी सांगितले? पुण्या-मुंबईत 'आमच्याच गोठ्यातले' म्हणून विकलेल्या बाटलीतल्या दुधाला माणसे किती तरी जास्त पैसे मोजतात. ते पैसे खात्रीचे असतात, आणि ती खात्रीसुद्धा विकणाऱ्याच्या शब्दावरची. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांनी देवावर हवाला ठेवायचा?

२००६ चा अन्नसुरक्षा कायदा नमुना तपासणाऱ्या विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस देतो. दूध दोन दिवसांत संपते. तोवर मूल आजारी पडते, बरे होते किंवा होत नाही. माल परत मागवायची तरतूदही कायद्यात आहे. पण कुठून आला हेच माहीत नसलेला माल परत कुठून मागवणार? इथे शेतकऱ्याकडून कागद मागतात, ग्राहकाकडून पुरावा मागतात आणि मधल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

सुटे पनीर, खवा, दूध विकणाऱ्या प्रत्येक दुकानात पुरवठादाराचे नाव, परवाना क्रमांक आणि त्या दिवसाचे बिल दर्शनी भागात लावणे सक्तीचे करा. पाकिटावरच्या क्यूआर कोडमधून संकलनाचा तालुका आणि तारीख दिसू द्या. हे कधीपासून होणार, ती तारीख मला लेखी कळवा.

आपली,
एका मुलीची आई, पुणे