कानाखालची गाठ अंगावर काढू नका

महोदय,

माझ्या जाऊबाईंच्या कानाखाली सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून घरी लेपच चालले. अखेर बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बारीक सुईने पेशी घेतल्या. काचपट्टीवर किरमिजी गोळे, त्यांभोवती लहान, गडद पेशी: अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाचा संशय, म्हणजे लाळग्रंथीचा दुर्मीळ कर्करोग. तो हळू वाढतो, पण मज्जातंतूंच्या कडेने पसरतो, आणि चेहऱ्याचा मज्जातंतू कानाखालच्या याच लाळग्रंथीतून जातो! आधी कळल्यामुळे शस्त्रक्रियेची आखणी नीट झाली. (साध्या गाठीतही असे गोळे दिसू शकतात; शिक्कामोर्तब काढलेल्या गाठीच्या तपासणीनेच झाले.) सुई टोचली की कर्करोग पसरतो, असे आमच्याकडे अजून म्हणतात. बारीक सुईने हा धोका नगण्य असतो. ही तपासणी तालुक्याच्या आरोग्य केंद्रातही नियमित व्हावी.

– एक गृहिणी, साखळी