तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं मला

प्रिय गज्या,

तुझा तो पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे धारणीच्या एसटी स्टँडचा गोंगाट, मधेच तू कोणाशी तरी तिकडच्या आदिवासींच्या कोरकू भाषेत बोलतोयस, निम्मं काही कळलंच नाही, पण शेवटी "अरे त्या युनिव्हर्सिटीच्या कमिटीचं काय झालं ते सांग" एवढं बरोबर ऐकू आलं. व्हॉट्सॲपवर मावणारं प्रकरण नाही हे, म्हणून मेल लिहितोय. ओपीडी संपलीय, शिपाई कुलूप घेऊन दोनदा डोकावून गेलाय, त्याला म्हटलं तू जा, चावी मी ठेवतो.

तर झालं असं की समाजकार्य विभागाचं पत्र आलं, अभ्यासक्रम बदलतोय तर क्षेत्रातल्या लोकांची सल्लागार समिती करतोय, आपण तज्ज्ञ म्हणून यावं वगैरे. मी हॉस्पिटलचा समाजसेवा अधीक्षक, आणि पत्रात माझं पद 'समाजसेवक' लिहिलेलं, अधीक्षक गाळून! बायको म्हणाली चला आता चौकात फ्लेक्स लावू, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, समाजसेवक. हसलो, पण खरंय ना रे, वकिलाला बार कौन्सिल आहे, नर्सला नर्सिंग कौन्सिल आहे, आपल्याला काय आहे? २०२१ च्या त्या अलाइड हेल्थच्या कायद्यात मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्करचं नाव आलंय, म्हणजे मी कदाचित कुठेतरी बसेन, पण तुझ्यासारखा वनहक्काचे दावे घेऊन फिरणारा माणूस त्यात कुठेच नाही. दोन वर्षं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, केलेला पण समाजसेवक आणि दहीहंडी लावणारा पण समाजसेवक. असो, हे आपलं जुनं रडगाणं.

मीटिंगला नऊ-दहा जण होतो. बालकल्याण समितीवर काम केलेल्या एक ताई, महिला-बालविकासच्या एक संरक्षण अधिकारी, ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्या एक बाई (त्यांच्याबद्दल पुढे लिहितो), एका कंपनीचा सीएसआरवाला (कंपनीचा सामाजिक कामाचा निधी बघणारा), व्यसनमुक्तीवाले एक काका आणि मी. समोसा, चहा, प्रवासभत्त्याचा फॉर्म. आणि सुरुवात काय झाली असेल सांग? बरोबर. हल्लीची पोरं. पोरांना रिपोर्ट लिहिता येत नाही, पोरं मोबाईलमध्ये असतात, घरभेटीला जा म्हटलं की ऊन लागतं म्हणतात, कायदे माहीत नाहीत. अर्धा तास आम्ही सगळ्यांनी मिळून पोरांना धुतलं आणि विभागातले लोक माना डोलवत लिहून घेत होते. सीएसआरवाल्याने तर एक्सेल आणि प्रपोजल रायटिंगचा वेगळा पेपरच ठेवा म्हणून सांगितलं. चुकीचं नाही म्हणत मी, पण त्याचं सगळं ऐकलं तर पोरं कंपन्यांच्या सीएसआरच्या दोन टक्क्यांचा हिशेब भरायला तयार होतील आणि माणसासमोर बसायला नाही.

मग माझी पाळी आली, आणि मी तयारी करून गेलो होतो. मागच्या वर्षीची ती केस सांगितली, तुला फोनवर थोडी बोललो होतो बघ. वॉर्डात पोटात दुखतंय म्हणून आलेली मुलगी, वय अठराच्या आत, तपासणीत गरोदर निघाली. आमच्याकडे फिल्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकायला, आलेली समाजकार्याची विद्यार्थिनी तिच्याशी बोलायला गेली, छान बोलली, मुलगी रडली, सगळं सांगितलं, आणि आपल्या पोरीने तिला शब्द दिला की मी हे कोणालाही सांगणार नाही. का दिला? कारण वर्गात शिकवलंय, केसवर्कचं तत्त्व, गोपनीयता! आणि इकडे पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९, माहिती कळली की पोलिसांना कळवायलाच पाहिजे, नाही कळवलं तर कलम २१ मध्ये शिक्षा. हॉस्पिटलने कळवलं, पोलीस आले, आणि मुलीच्या आईने भर वॉर्डात त्या विद्यार्थिनीला जे काय सुनावलं ते मला अजून आठवतंय. पोरगी दोन आठवडे फिरकलीच नाही नंतर. मी म्हणालो, बघा, २०१२ चा कायदा आहे हा, आणि तुम्ही गोपनीयता शिकवता तेव्हा "पण" हा शब्द शिकवत नाही. बोलायच्या आधीच सांगावं लागतं ना समोरच्याला, की काही गोष्टी मला पुढे सांगाव्या लागतील, तरी तुझ्या बाजूने मी असेन. हे वाक्य तोंडात बसेपर्यंत सराव करून घ्या पोरांकडून, वॉर्डात पाठवायच्या आधी.

चांगलं बोललो रे मी. ताईंनी मान हलवली, काकांनी बाक वाजवला.

तेव्हा फिल्डवर्क बघणाऱ्या ज्या मॅडम आहेत, कोपऱ्यात बसलेल्या, तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, मुद्दा अगदी बरोबर आहे, आम्ही घेऊ. फक्त एक विचारू का, त्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी तुम्ही ओरिएंटेशनला काय सांगितलं होतं?"

गज्या, मी काय सांगितलं होतं माहितीये? "जा, वॉर्ड फिरून या, सिस्टरना भेटा, काही लागलं तर सांगा." एवढंच. त्या दिवशी एक अनोळखी पेशंट आला होता, त्याच्या नातेवाइकांचा शोध चालू होता, पंधरा जण फुले जन आरोग्य योजनेचे कागद घेऊन दारात उभे, आणि हे चौघं विद्यार्थी नवीन वह्या घेऊन समोर. मला ती अडचणच वाटली होती खरं सांगायचं तर. आणि मॅडमकडे त्या वर्षीची जर्नल्स होती, त्यांनी ती उघडून वगैरे दाखवली नाहीत, तेवढी माणुसकी दाखवली, पण मला माहीत होतं त्यात काय आहे. प्रत्येक आठवड्याच्या रिपोर्टखाली माझी सही आणि 'गुड'. काही ठिकाणी 'व्हेरी गुड'. ती केस झाली त्या आठवड्याखाली पण 'गुड' आहे. न वाचता दिलेलं.

आयसी, म्हणजे एकेका विद्यार्थ्याला घेऊन त्याच्या कामावर बोलायची बैठक, किती घेतल्या म्हणशील तर शून्य. फॉर्मवर मात्र दर पंधरवड्याला एक. पोरांनी माझ्याकडे वर्षभर काय केलं तर रेशनकार्डाच्या झेरॉक्स तपासल्या, लोकांना या खिडकीवरून त्या खिडकीवर नेलं, योजनेचे फॉर्म भरले. मला मदत झाली, नाही म्हणत नाही, आमच्याकडे दोन पदं रिकामी आहेत, पोरं आली की श्वास घेता येतो. पण ते शिकणं नव्हतं, ती माझी बिगारी होती आणि वर मी त्यांच्याच सरांना जाऊन सांगत होतो की तुमची पोरं कच्ची आहेत.

मी मीटिंगमध्ये काय बोललो? "कामाचा लोड फार असतो मॅडम." अजून काय बोलणार. त्या म्हणाल्या "हो, ते सगळीकडेच आहे", आणि पुढचा विषय घेतला.

आता ऊसतोडवाल्या बाईंचं. त्या सगळ्यात शेवटी बोलल्या आणि खरा सल्ला त्यांनीच दिला असं माझं मत आहे. त्या म्हणाल्या, तुमचं रूरल कॅम्प दरवर्षी जानेवारीत का असतं? विभागातले सर म्हणाले परीक्षा संपलेल्या असतात, थंडी असते, सोयीचं पडतं. बाई म्हणाल्या, आमची गावं दिवाळीनंतर रिकामी होतात. कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, निघून जातात साखर कारखान्याला, ते मार्च-एप्रिलशिवाय येत नाहीत. तुमची चाळीस पोरं येतात, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, प्राथमिक शाळेत मुक्काम करतात, पथनाट्य करतात, आणि समोर बसलेली असतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोडलेली नातवंडं. मग रिपोर्टमध्ये लिहितात गावात लोकसहभाग कमी आहे!

सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या गावाला यायचं तर जून-जुलैत या, उचल (आगाऊ पैसे) ठरायच्या आधी, मजूर ठरवणारा मुकादम कसा बोलतो ते ऐका. आणि जानेवारीतच पाठवायचं असेल तर गावाला नको, कारखान्यावर पाठवा, तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर. पहाटे बाई किती वाजता उठते, पाणी कुठून आणते, पाळीच्या दिवसात काय करते, खाडा झाला तर किती कापतात, हे तिथे दिसेल. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्यांना धक्का बसला होता, त्या म्हणाल्या आम्हाला धक्का याचा बसला की एवढी वर्षं समाजकार्याची पोरं त्याच तालुक्यांत कॅम्प करून गेली आणि कुणाच्याच रिपोर्टमध्ये हे आलं नाही, कारण त्या बायका तुम्हाला भेटल्याच नाहीत.

मी ते ऐकून आपला कॅम्प आठवत बसलो. आपण पण जानेवारीतच गेलो होतो. ते शोषखड्डे खणले होते आपण, आठवतंय? आणि ती म्हातारी म्हणाली होती पोरं नाहीत रे घरी, तर तू तिला विचारलंस कामाला गेलेत का, ती हो म्हणाली, आणि आपण पुढे काही विचारलंच नाही.

जेवणाच्या वेळी मी आणि त्या मॅडम एका टेबलावर आलो, मीच जाऊन बसलो मुद्दाम. गप्पांत त्या म्हणाल्या की पूर्वी हे असं वेगळं नव्हतं, इकडे शिकवणारे आणि तिकडे काम करणारे आणि वर्षातून एकदा सल्ला. टिसची, म्हणजे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची, सुरुवातच १९३६ ला नागपाड्याच्या वस्तीत, नेबरहूड हाऊसमध्ये झाली. १९८४ ला मुंबई पोलीस आयुक्तालयात बायकांसाठी स्पेशल सेल सुरू झाला तो टिसनेच केला, आणि अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ चा फोन पण १९९६ ला तिथूनच निघाला. म्हणजे कॉलेज स्वतःच फिल्डमध्ये बसलेलं होतं, त्यामुळे शिकवणाऱ्याला पोलीस स्टेशनात काय बोलावं लागतं ते माहीत होतं. आता विभागात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, ते कधी फिल्डला जाणार आणि कोणता प्रोजेक्ट चालवणार. हे मीटिंगमध्ये का नाही बोललात म्हटलं तर त्या नुसत्या हसल्या.

एक गोष्ट मला मीटिंगमध्येच खटकत होती, ती मी तिथे बोललो नाही, तुला सांगतो. आम्ही सगळे जे 'क्षेत्रातले तज्ज्ञ' होतो त्यात एक पण अंगणवाडी सेविका नव्हती, आशाताई नव्हती, आमच्या वॉर्डातली सिस्टर नव्हती. पोरं प्रत्यक्षात शिकतात त्यांच्याकडून. त्या विद्यार्थिनीला परत कामावर कोणी आणलं माहितीये? मी नाही, आमच्या प्रसूती वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरने फोन करून बोलावली, चहा पाजला, म्हणाली बाळा मला पण लोक शिव्या देतात, चल ड्रेसिंगला बस माझ्यासोबत. आणि दुसरं ते स्वनिर्णयाचं तत्त्व. क्लायंटने स्वतः निर्णय घ्यावा म्हणतात. आमच्याकडे बाईचं ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवायला दीर येतो, तो बीडहून निघालाय, तो आला की सांगतो म्हणतात. तिथे विद्यार्थ्याने काय करायचं? दिराला बाहेर काढायचं की दिराशी बोलायचं? सिस्टर दिराशी बोलते, आधी त्याला मान देते आणि मग त्याच्याच तोंडून बाईला विचारायला लावते. हे कोणत्या पेपरात बसवणार सांग.

मीटिंगमध्ये फिल्डवर्कच्या तासांवर पण बरीच खडाजंगी झाली. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, १२० तास, तर काहींचं म्हणणं फिल्डवर्क त्यातच धरा, वेगळं कशाला. मॅडम तिथे मात्र अडून बसल्या की त्यात फिल्डवर्कचे आठवड्याचे दोन दिवस जातील, त्यांना हात लावायचा नाही. त्यावर निर्णय पुढे ढकलला.

मग इतिवृत्त आलं. पॉक्सोचा विषय 'कायदेविषयक कार्यशाळा घेण्यात यावी' असा झालाय. ऊसतोडवाल्या बाईंचं सगळं बोलणं एका ओळीत: 'फिल्डवर्क अधिक प्रभावी करण्याबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली.' प्रपोजल रायटिंगचा पेपर मात्र मंजूर!

मी मॅडमना फोन केला आणि म्हटलं माझं दुरुस्तीपत्र घ्या, त्यात कॅम्पचा महिना आणि कारखान्याचा मुद्दा स्पष्ट लिहून देतो, आणि अजून एक ओळ घाला की जी संस्था आयसी घेत नाही तिला पुढच्या वर्षी विद्यार्थी देऊ नयेत. त्या म्हणाल्या सर, मग तुमचाच विभाग पहिला जाईल. म्हटलं जाऊ दे.

पण पोरं गेली तर माझं काय होईल हे पण मनात आलंच. म्हणून गुरुवारी तीन ते चार दार लावून बसायला लागलोय या वर्षीच्या चौघा विद्यार्थ्यांना घेऊन. पहिला गुरुवार पार फसला, मी विचारलं काय अडचण आहे, चौघं म्हणाले काही नाही सर. वीस मिनिटं नुसता फॅन बघत बसलो. दुसऱ्या गुरुवारी मी त्या केसचं सांगितलं, नाव-गाव सोडून, माझ्या 'गुड'सकट. मग एक जण हळूच म्हणाला, सर मला मॉर्च्युरीजवळ उभं केलं होतं नातेवाइकांना धरायला, मला झोप येत नाही. हे झालेलं महिन्याआधी. मला माहीत नव्हतं.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे तुझ्याकडे ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे सलग काही आठवडे राहून काम शिकायला, जी पोरं येतात ती कोरकू न येता काय करतात, पहिला आठवडा कसा काढतात, तू त्यांना कोणाच्या हाताखाली देतोस, हे दोन पानं लिहून पाठव, तुझ्या भाषेत, रिपोर्टच्या भाषेत नको. आणि दुसरं, पुढच्या मीटिंगला तुला बोलवा म्हणून मी नाव दिलंय, नाही म्हणू नकोस. तुझ्याबरोबर त्या गावातली ती आशाताई आली तर फारच चांगलं, तिच्या प्रवासभत्त्याचं मी बघतो, फॉर्ममध्ये पदनामाच्या रकान्यात काय लिहायचं ते तेवढं ठरवावं लागेल.

शिपाई परत आलाय. वहिनींना नमस्कार, पिंट्याचं दहावीचं काय झालं ते कळव.

तुझा,
सुध्या