तोवर पळू नकोस

चि. सूरज यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, "उन्हानं चक्कर आली, बाकी काही नाही." पण तुझ्या मित्रानं मला खरं सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत तू पळता पळता कोसळलास, बेशुद्ध होतास. सकाळी सहाला कसलं ऊन रे बाळा?

विजूमामाला अटॅक आला, एवढंच आम्ही तुला सांगत आलो. १९९८ ची जत्रा, कबड्डीचा सामना. तो २३ वर्षांचा. चढाई करून आला, मध्यरेषा शिवली आणि तिथंच पालथा पडला. मुठीत माती तशीच होती. लोकांनी कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले. छाती दाबायची असते हे एकालाही ठाऊक नव्हतं. दृष्ट लागली म्हणाले, तुझी आजी शेवटपर्यंत तेच धरून बसली. त्याआधी दोनदा त्याला खेळताना चक्कर आली होती. मीच त्याला लिंबू सरबत करून दिलं होतं.

तू पडल्याचं कळलं आणि मला झोप लागेना. बेदाण्याचं काम तुझ्या बाबांवर टाकून तासगावहून सांगलीला गेले, सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी तुमचीच तपासणी करू. इसीजी झाला, मग टूडी इको. छातीवर गार जेल लावून पडद्यावर हृदय दाखवतात. माझं हृदय धडधडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मधली भिंत जाड आहे म्हणाले. मला काही त्रास नाही, घाबरू नकोस. पण हा दोष घराण्यातून येतो, साधारण ५०० माणसांत एकाला असतो, आणि आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. मामालाही तोच असावा. पळताना शुद्ध हरपणं ही सर्वांत मोठी खूण, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

तुला भरतीची धास्ती, ते मला कळतं. रिपोर्टमध्ये काही निघालं तर दोन वर्षांची मेहनत वाया जाईल, म्हणूनच तू लपवलंस ना? मी खोटा धीर देणार नाही, निघालं तर पळणं थांबवावंही लागेल. पण यावर औषधं आहेत, गरज पडली तर छातीत बसवायचं यंत्र आहे. डेन्मार्कचा एरिक्सन २०२१ च्या युरो कपात मैदानातच पडला, तो व्हिडिओ तूच मला दाखवलास. लगेच छाती दाबली, शॉक दिला, म्हणून तो वाचला. पुढं तसलंच यंत्र बसवून पुन्हा खेळला. तुझा आजार वेगळा असेल, नसेलही. बघितल्याशिवाय कसं कळणार?

तुझ्याबरोबर पळणाऱ्या पोरांनाही सांग, कुणी पडलं आणि श्वास नीट चालत नसला तर १०८ ला फोन करायचा आणि छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहायचं. कांदा शोधत बसू नका.

मंगळवारी पहिल्या एसटीनं मी सांगलीला येते. स्टँडवर थांब. तोवर मैदानावर जाऊ नकोस, आणि येताना पळायचे बूट पिशवीत घालून आण. रिपोर्ट येईपर्यंत ते माझ्याकडे राहतील.

तुझी,
आई